लाइनच्या बाईंची जागा

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. नव्वदचं दशक संपत आलं असताना मी तिथं नोकरीला लागले. ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. बारामतीहून भिगवणपर्यंत एक एसटी, तिथून सोलापूर रस्त्यानं दुसरी, आणि फाट्यावर उतरून पुढं चालत. अब्बांचं बारामतीत बांगड्यांचं दुकान होतं. मुलगी बी.कॉम. झाली म्हणजे बँकेत जाणार, निदान पतसंस्थेत तरी चिकटणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पुठ्ठ्याचा कारखाना, तोही इंदापूर तालुक्यात, हे ऐकल्यावर काही दिवस ते माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलतात तेवढंच बोलत होते. मग एके दिवशी कुणाला न सांगता ते स्वतः कारखाना बघून आले. "शेड स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. तीच मी परवानगी समजले.

हजेरी, रजा, तक्रारी, कुणाचं बोट कापलं, कुणाच्या घरी लग्न आहे, हे सगळं माझ्याकडं. साहेब त्याला काहीतरी मोठं नाव सांगायचे. मी घरी सांगताना माणसांचं बघते असं सांगायचे.

साहेब पुण्याचे. कारखाना त्यांच्या ताब्यात होता आणि माणूस सरळ होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे. ठेकेदाराकडून माणसं घ्यायची नाहीत, तालुक्यातल्या गावांतूनच घ्यायची, आणि एकाच कामाला बाईला नि बाप्याला एकच पगार द्यायचा, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळलं. आजूबाजूचे कारखानेवाले त्यांना वेड्यात काढायचे. एकानं तर आमच्या ऑफिसात चहा पिता पिता, तुम्ही आमच्या बायकांना बिघडवताय, असं तोंडावर सांगितलं होतं. साहेबांनी त्याला अजून एक कप चहा पाजला आणि पगार होता तसाच ठेवला. फक्त भाषणाची हौस दांडगी. धंदा वाढला की गावही वाढलं पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. कामगारांना ते पाठ झालं होतं. साहेब खुर्चीवरून उठले की मागच्या रांगेतल्या बायका ओठ हलवायला लागायच्या.

आमची खोकी जायची मुख्यतः द्राक्षबागांना. हंगाम सुरू झाला की माल कमीच पडायचा. कापलेले पुठ्ठे दुमडायचे, कोपऱ्याला पिना मारायच्या, तयार झालेली खोकी चपटी करून गठ्ठे बांधायचे, आणि गठ्ठे टेम्पोत. ही सगळी एक लाइन. लाइनीवर बहुतेक बायकाच होत्या.

त्यातली एक निरवांगीची. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. तिच्या लग्नापर्यंत कळप विकून शेतीला लागली होती. नवरा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. बाई अंगानं बारीक, पण हात असा की पिना मारायच्या मशीनवर ती बसली की बाकीच्या बायका जरा सावरून बसायच्या. शिवाय तोंड गोड. कुणाला कुठं बसवायचं, कुणाला आज बरं नाही म्हणून दुमडायला द्यायचं, हे ती न विचारता करत होतीच. साहेबांनी हंगामाच्या आधी तिला लाइनीची प्रमुख केलं. हंगामभर बघू, जमलं तर कायम, नाहीतर पुण्याहून माणूस आणू, असं ठरलं. तालुक्यातल्या गावची बाई लाइनीची प्रमुख झाली असं त्या वसाहतीत तरी ते पहिल्यांदाच घडत होतं. मला झालेला आनंद मी लपवला नाही. अब्बांच्या दुकानातल्या एक डझन हिरव्या बांगड्या तिला आणून दिल्या. मशीनवर काचेच्या बांगड्या घालायच्या नाहीत हा नियम मीच लावला होता, म्हणून घरी घाल असं बजावून दिल्या.

आता तात्या. तात्या म्हणजे तिच्या नवऱ्याचे चुलते, तिचे चुलत सासरे. तिचा सासरा वारल्यापासून घरात कर्ते तेच. लहानपणी बापामागं मेंढरांबरोबर हिंडलेले. डोक्याला फेटा, हातात कायम काहीतरी दोर. तेही आमच्याकडंच होते, त्याच लाइनीच्या शेवटाला, गठ्ठे बांधायला. मेंढरांच्या वाड्याला जी जाळी लावतात तिची गाठ ते सुतळीला मारायचे. त्यांचा गठ्ठा टेम्पोतून फेकला तरी सुटायचा नाही.

आणि सून चुलत सासऱ्याशी बोलत नाही. त्यांच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती. समोर आली तर डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच असेल तर मध्ये कुणालातरी धरून सांगायचं. कुणी नसेल तर भिंतीला सांगायचं. सासरेही उत्तर भिंतीलाच देणार. आमच्या घरात असल्या रिती नाहीत असं नाही, वेगळ्या आहेत एवढंच. पण ही बघून मला चीड यायची. अजून येते.

तर लाइनीवर हे असं चालायचं: शेवटच्या मशीनवर एक भिगवणची बाई बसायची, तात्यांच्या हाताशी. आमची प्रमुख तिच्याजवळ जाऊन उभी राहणार, पदर कपाळावर ओढणार आणि म्हणणार, सुतळी ढिली पडतीय म्हनावं. तात्या मान वर न करता दोर आवळणार आणि पुठ्ठ्याकडं बघून म्हणणार, कळलं म्हनावं. भिगवणची बाई मधल्या मध्ये पिना मारत असायची. तिला एक शब्द बोलावा लागायचा नाही. महिन्याभरात सगळ्या लाइनीला याची सवय झाली. काम चोख चाललं होतं. मी साहेबांना यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण जे बरं चाललंय ते मोडून बघायची साहेबांना सवय होती.

टेम्पोतही तसंच. सकाळी तोच मालाचा टेम्पो गावोगावची माणसं घेऊन यायचा, संध्याकाळी सोडायला जायचा. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एक जागा होती. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की तिथं लाइनीच्या प्रमुखानं बसायचं. कुठं थांबायचं, कोण यायचं राहिलंय, हे ड्रायव्हरला सांगायची जबाबदारी प्रमुखाची. पण निरवांगीला पहिल्यापासून त्या जागेवर तात्या बसायचे, वयामुळं. बाई प्रमुख झाली तरी ती मागं ताडपत्रीखाली बायकांत बसायची. सासरा मागं आणि सून पुढं सीटवर, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

हंगामाच्या ऐन भरात भिगवणची बाई भावाच्या लग्नाला गेली. तिच्या जागी मी लोणी देवकरचीच एक नवी मुलगी बसवली. हुशार होती, पण तिला या घरची रीत काय माहीत. त्या दिवशी दोन मापांची खोकी चालू होती, मोठी आणि लहान. प्रमुख नेहमीसारखी आली, मुलीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, दोन्ही मापं एकात जाऊ देऊ नका म्हनावं. मुलीला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. तिनं मान डोलावली आणि आपल्यापुढची खोकी नीट वेगळी केली. तात्यांनीही ऐकलं; पण मुलीनं मान डोलावली म्हणजे ते मुलीलाच होतं, असं त्यांना वाटलं. बाकीच्या मशीनवरून त्यांच्याकडं येईल तसं ते बांधत राहिले. कुणी कामचुकारपणा केला नाही, सगळ्यांनी सांगितलेलं ऐकलं, आणि गठ्ठ्यांत मोठी-लहान खोकी एकत्र गेली.

दुसऱ्या दिवशी इंदापूरकडचा एक बागाईतदार मोटरसायकलवर आला. माल तोडून ठेवलेला, बायका भरायला बसलेल्या, आणि प्रत्येक गठ्ठ्यात निम्मी खोकी नको त्या मापाची. तो फाटकापासूनच बोलत आला आणि त्याचं काही चुकत नव्हतं. साहेबांनी त्याची माफी मागितली, स्वतः उभं राहून दुसरा माल चढवला, आणि मग मला आत बोलावलं.

आता मला सगळं सांगावंच लागलं. साहेब ऐकत राहिले. आधी त्यांना वाटलं, घरात भांडण आहे. भांडण नाही, मान आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, जी बाई आपल्या हाताखालच्या माणसाशी बोलत नाही ती लाइन कशी चालवणार? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हाच माझा त्रास. मी म्हटलं, तात्यांना दुसऱ्या कामावर द्या. ते म्हणाले, आज तात्या, उद्या हिचा दीर, परवा गावातलं कुणीतरी वडीलधारं. तालुक्यातलीच माणसं घ्यायची म्हटल्यावर प्रत्येकीचा कुणी ना कुणी निघणारच, मग काय प्रत्येकीसाठी वेगळी शेड बांधू? त्यांनी ठरवून टाकलं. उद्या सकाळी कामाला लागायच्या आधी, सगळ्यांसमोर, ती तात्यांना तोंडानं सूचना देईल. दिली तर ती प्रमुख. नाही दिली तर पुण्याचा माणूस, आणि ती परत मशीनवर. कारखान्यात सगळे सारखे, हे एकदा सगळ्यांना दिसू दे, असंही ते म्हणाले. त्यात त्यांना स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शेडमागं गाठलं. सरळ बोलून टाक, जग काही बुडत नाही, असा माझा सल्ला. ती भाकरी मोडत होती. मोडायची थांबली.

"बोलीन वो मॅडम, तोंड हाय मला," ती म्हणाली. "पन मला हितं धाडायला घरात कोन तयार न्हवतं. तात्या म्हनले, मी हाय की संगं, येऊ द्या तिला. आन् आता समद्यांच्या म्होरं मी त्यांनाच हुकूम सोडू व्हय?"

तात्यांना हलवावं म्हटलं तर तात्या गेले की तिचंही येणं बंद, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरी जाताना एसटीत मी साहेबांवर चिडले, तात्यांवर चिडले, तिच्या पदरावर चिडले. कंडक्टरनं सुटे मागितले तर त्याच्यावरही चिडले.

सकाळी सगळे शेडसमोर उभे होते. साहेबांनी आधी गावच्या वाढीचं ते वाक्य म्हणून घेतलं, पण त्या दिवशी कुणाचे ओठ हलले नाहीत. मग त्यांनी झालेली चूक सांगितली, कुणाला दोष न देता सांगितली, आणि तिला पुढं बोलावलं. ती आली. पदर भुवयांपर्यंत, दोन्ही हातांनी त्याची टोकं हनुवटीखाली धरलेली. तात्या शेवटच्या मशीनशी, सुतळीचा गुंडा हातात घेऊन. साहेब म्हणाले, बोला बाई. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. साहेबांनी पुन्हा म्हटलं, अगदी मायेनं, आणि मला त्या मायेचाच राग आला. शेजारच्या कारखान्याचं यंत्र तेवढं चालू होतं.

तात्यांनी सुतळीचा गुंडा मशीनवर ठेवला आणि पुढं आले. तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. घरातल्या कुणी त्यांना तिच्या इतक्या जवळ उभं असलेलं पाहिलं नसेल. त्यांनी भिंतीकडं बघितलं नाही, पुठ्ठ्याकडं बघितलं नाही.

"बाई, परवा माझ्या हातनं चूक झाली," ते तिला म्हणाले. "मोटी आन् बारकी खोकी एकात बांधली गेली. आता हितनं म्होरं कसं लावायचं, ते तुमी सांगा."

सूनबाई नव्हे, बाई. लाइनीवरचे इतर पुरुष म्हणायचे तसं. आणि तू नव्हे, तुमी. ती लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ते तिला काहीच म्हणाले नव्हते, ना तू ना तुमी. वडीलधाऱ्यानं तोंड उघडून विचारलं तर मात्र सुनेला उत्तर द्यावं लागतं. गप्प राहणं हाच अपमान. तात्यांनी तिच्यापुढं उत्तर द्यायची सोय करून ठेवली होती. त्यासाठी जी चूक एकट्याची नव्हती ती स्वतःच्या नावावर घेतली, तीही इतक्या बायकांसमोर.

तिचा हात पदरावरून खाली आला. पदर डोक्यावर राहिला.

"मोटी डावीकडं लावा," ती म्हणाली. "बारकी उजवीकडं. आन् बारक्यांना लाल सुतळी बांधा." मग तिनं आणखी म्हटलं, "मी येऊन बघीन."

"बरं," तात्या म्हणाले, आणि आपल्या जागेवर गेले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. बघा, किती सोपं होतं, असं ते मला नंतर म्हणाले. पुढं पुण्याच्या कुठल्याशा बैठकीत त्यांनी हा प्रसंग आपल्या नियमाचा विजय म्हणून सांगितला, असंही कानावर आलं. त्यांचं मन मोडावं असं मला वाटलं नाही. बाई कायम झाली, लाल सुतळी आली, इंदापूरच्या त्या बागाईतदाराचं गिऱ्हाईकही टिकलं. साहेबांच्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी संपला नव्हता, कारण ड्रायव्हर मला येऊन सांगायला लागला. इंदापूरचा बडबड्या माणूस, कारखान्यातली कुठलीच बातमी त्याच्या पोटात राहायची नाही. म्हणाला, त्या दिवसापासून तात्या केबिनमध्ये बसत नाहीत. मागं चढतात, फळीला टेकून बसतात. आणि बाईही पुढं बसत नाही. ती मागंच, पण दुसऱ्या टोकाला. केबिनमधली जागा निरवांगीपर्यंत रिकामी जाते आणि रिकामी येते. बोलायला कुणी नाही म्हणून ड्रायव्हरचा जीव कासावीस झाला होता. लाइनीवरही तात्या आता थेट ऐकायचे, थेट हो म्हणायचे, पण घराकडं वळलेल्या टेम्पोत पुन्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कारखान्यातलं जमलं, रस्त्यावरचं अडकलं. मला वाटलं, आपण या दोघांचं काहीतरी मोडून ठेवलंय आणि आता ते जोडणं आपल्या हातात नाही. वाईट वाटत होतं, आणि तिला मिळालेल्या जागेवर ती बसत नाही याचा रागही येत होता.

हंगाम सरता सरता साहेबांनी मला निरवांगीकडं आणखी बायका कामाला मिळतील का ते बघायला पाठवलं. संध्याकाळी मी त्याच टेम्पोनं निघाले. मागं सगळे चढले. केबिनचं दार उघडं, जागा रिकामी. मी ऑफिसातली, पाहुणी, शिवाय खांद्याला पिशवी. मी सहज पायरीवर पाय ठेवला.

मागून तात्यांचा आवाज आला. ते ताडपत्रीकडं बघून बोलत होते.

"मॅडमना म्हनावं, ती जागा लाइनच्या बाईंची हाय."

मी पाय खाली घेतला. ड्रायव्हरनं चावी फिरवायची थांबवली. तात्या माझ्याशी रोज बोलायचे, रजा मागायचे, तक्रार करायचे. मला सांगायला त्यांना ताडपत्रीची गरज नव्हती. त्यांना ते कुणाला सांगायचं होतं हे टेम्पोत बसलेल्या प्रत्येकीला कळलं. त्यांच्या घरात सुनेला सांगायची जी पद्धत होती, त्याच पद्धतीनं ते तिला पुढं बस म्हणून सांगत होते.

ती उठली, बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत खाली उतरली, पदर नीट केला आणि केबिनमध्ये चढली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी मागं गेले. तात्यांनी सरकून फळीशेजारी मला जागा करून दिली.

दार लावल्याचा आवाज आला. मग केबिनच्या मागच्या जाळीतून तिचा आवाज, लाइनीवर असायचा तसाच.

"मागं समदी धरून बसा."

तात्यांनी ताडपत्रीचा दोर घट्ट धरला.